सुरू होतानाच अडकणारा जुना डेस्कटॉप: तुमचे अनुभव लिहा

कराडला बाबांकडे २००८ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. ड्युअल कोअर, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. आधी एक्सपी होती, मग विंडोज ७ टाकली. बाबांची त्यावर दोनच कामं, सोसायटीची पत्रं आणि पावसाची नोंद. अंगणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि एक्सेलमध्ये भरायचं. पाऊस नसेल त्या दिवशी ०.० लिहायचं. २००९ पासून हे चालू आहे.

दिवाळीनंतर हा संगणक सुरू होताना अडकायला लागला. बटण दाबलं की पंखा फिरतो, बोर्डाच्या कंपनीचं चित्र येतं. कधी तिथेच थिजतो. कधी विंडोजचे चार रंगीत ठिपके एकत्र येता येता मध्येच थांबतात. माऊस नाही, काही नाही. बटण दाबून धरून बंद करायचा, पुन्हा लावायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुरू होतो आणि मग दिवसभर व्यवस्थित चालतो.

एका दुकानात फॉरमॅट मारून दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात म्हणाले, नवीन घ्या. बाबा तयार नाहीत आणि मला त्यांचं पटतं. काय बिघडलंय हे कळायच्या आधीच वस्तू टाकून का द्यायची?

ज्यांनी असं दुखणं काढलंय त्यांनी कृपया लिहा. नेमका कुठे अडकायचा, काय काय करून पाहिलं आणि शेवटी काय निघालं, हे तिन्ही हवंय. ज्याचा उपयोग झाला नाही तेही लिहा, त्यातूनही कळतं.

* * *

ताई, नाशिकला बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचंच काम करतोय. "कुठे अडकतो" हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात, बरं वाटलं. गिऱ्हाईक सांगतं "हँग होतो", आणि त्या एका शब्दात दहा रोग असतात.

बटण दाबल्यावर आधी एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, सगळे व्होल्टेज ठीक आहेत असा सिग्नल बोर्डाला देतो. मग बायोस, म्हणजे बोर्डावरच असलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, डिस्क एकेक तपासत जातं. हे झाल्यावर डिस्कवरून विंडोज उचललं जातं, मग ड्रायव्हर, मग डेस्कटॉप. कंपनीच्या चित्रावरच अडकत असेल तर तोवर विंडोजला सुरुवातच झालेली नसते. तिथे फॉरमॅट मारून काय होणार? तुमचा एकदा चित्रावर, एकदा ठिपक्यांवर अडकतो, म्हणजे जागा बदलतेय. जागा बदलणारा दोष मी नेहमी आधी वीज, रॅम नाहीतर बोर्ड यांच्यात शोधतो.

अडकला की कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागतोय-विझतोय तर आत जीव आहे, तो कशाची तरी वाट बघतोय. दिवा जागचा हललाच नाही तर सगळंच थिजलंय.

माझ्याकडे एका वकिलांचा संगणक आला होता. लावल्यावर बरोबर दोन-तीन मिनिटांत थिजायचा, मग कुठेही असो. अर्धा तास बंद ठेवला की पुन्हा दोन मिनिटं चालायचा. बायोसमध्ये जाऊन तापमानाच्या पानावर बसलो, आकडा डोळ्यांदेखत नव्वदच्या वर गेला. प्रोसेसरवरच्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक बोर्डातून उपसून आली होती. कूलर एका बाजूने उचललेला, खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. जुनी पेस्ट पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली, खुंट्या कट् वाजेपर्यंत दाबल्या. झालं.

तुमचं मात्र याच्या उलट दिसतंय. तापल्याने नाही, थंडीने अडकतोय. बाबांना एक विचारा. सकाळी हातच न लावता दुपारी दोनला पहिल्यांदा लावला, तर पहिल्या दाबात सुरू होतो का?

* * *

सिंधुदुर्गात शिक्षिका आहे. शाळेच्या खोलीत दहा संगणक. मेच्या सुट्टीनंतर जूनमध्ये खोली उघडली की दरवर्षी चार-पाच रुसलेले असायचे. एखादा लांब बीप देत राहायचा, एखादा रॅमचा आकडा दाखवून तिथेच थांबायचा. एक वर्ष आम्ही तीन बोर्ड बिघडलेत असं समजून बाजूला ठेवले होते.

नंतर एका पालकांनी दाखवलं. वायर काढून, हात लोखंडी कपाटाला टेकवून रॅमची पट्टी बाहेर काढली. सोनेरी दातांवर काळपट थर आला होता. साधं पांढरं खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासलं. शाईचं खरखरीत रबर नको, त्याने मुलामा निघतो. रबराचा चुरा कोरड्या ब्रशने झटकला, स्लॉटमधूनही ब्रश फिरवला. पट्टी बसवताना दोन्ही टोकांच्या चिमट्यांचा आवाज आलाच पाहिजे. बाजूला ठेवलेल्या तीनपैकी दोन संगणक त्याच दिवशी सुरू झाले, तिसरा नाही झाला.

आता सुट्टीतही आठवड्यातून एकदा शिपाईदादा सगळे संगणक अर्धा तास चालू ठेवतात. आमच्याकडच्या दमट हवेत बंद यंत्र जास्त बिघडतं, हा माझा पक्का अनुभव आहे.

* * *

सोलापूर. डीटीपीचं काम, मुख्यतः लग्नपत्रिका आणि हँडबिलं. माझ्याकडे अजून एक्सपीचा संगणक आहे, कारण पान मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी त्यावर आहेत आणि श्रीलिपीचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसतं. पंधरा वर्षांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत. इंटरनेट मी त्याला कधीच जोडत नाही, एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ लाच बंद झालेत.

तुळशीच्या लग्नानंतर आमची घाई सुरू होते आणि नेमका तेव्हाच हा अडकला. लोगोखालची निळी पट्टी फिरतेय, फिरतेय, पुढे काहीच नाही. दहा मिनिटं बघून मी बंद करायचो. एकदा तसाच सोडून जेवायला गेलो. येऊन बघतो तर डेस्कटॉप आलेला! दुसऱ्या दिवशी घड्याळ लावलं, पंचवीस मिनिटं. म्हणजे तो अडकत नव्हता, रांगत होता. हा फरक कळायला मला आठवडा लागला.

तिघांनी फॉरमॅट सांगितलं. मी ऐकलं नाही, कारण सगळं पुन्हा टाकताना एखादी सीडी चालली नाही तर धंदाच बसला असता. भाच्याच्या मित्राने डिव्हाइस मॅनेजर उघडला, आयडीई चॅनलच्या (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) आत गेला आणि बोट ठेवलं: 'पीआयओ', डिस्कशी बोलायची सगळ्यात संथ पद्धत. डिस्कशी बोलताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी वेग एक पायरी खाली आणते. असं करत करत शेवटी पीआयओवर येते आणि प्रोसेसरला डिस्कवरचा माल स्वतः वाहून आणावा लागतो. त्याने चॅनलची नोंद काढली आणि संगणक पुन्हा सुरू केला. एक्सपीने चॅनल नव्याने ओळखलं आणि पूर्ण वेग दिला. सव्वा मिनिटात डेस्कटॉप!

पण मुळात सहा चुका का झाल्या? डिस्कची पट्टीसारखी रुंद केबल कॅबिनेटच्या कडेला दाबली जाऊन मुडपली होती. तीही बदलली. नुसती नोंद काढून सोडलं असतं तर महिन्याभरात पुन्हा तेच झालं असतं.

* * *

आधी मागच्या-पुढच्या सगळ्या यूएसबी काढून बघा. आमच्याकडे प्रिंटरमधल्या कार्ड रीडरमुळे बायोस डिस्क शोधताना थांबून राहायचं. प्रिंटरची वायर काढली की लगेच पुढे जायचं. फुकटचा उपाय आहे, दोन मिनिटांत कळतं.

* * *

म्हापशाहून लिहितेय. माझा अनुभव उपायाचा नाही, पण लिहायलाच हवा.

आमचा संगणक विंडोजच्या लोगोवर अडकायचा आणि आतून टक्... टक्... टक् असा आवाज यायचा. मी चार दिवस बंद-चालू करत राहिले. कुणीतरी सांगितलं, डिस्क चेक लावून रात्रभर ठेव. ठेवला. सकाळी बायोसला डिस्क दिसेनाशीच झाली. माझ्या मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मोठ्या शहरातल्या डेटा काढून देणाऱ्यांनीही हात टेकले.

म्हणून हात जोडून सांगते. आवाज येत असेल किंवा डिस्कची शंका जरी असेल तरी पुन्हा पुन्हा चालू करू नका. मरणाऱ्या डिस्कवर चेक लावला की ती खराब जागाच पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि उरलेलाही जीव जातो. डिस्क काढा, दुसऱ्या संगणकाला जोडा, आधी डेटा उतरवून घ्या. लिनक्स या विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणालीवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे, ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागा मागे ठेवतं. दुरुस्ती त्यानंतर.

ताई, बाबांच्या पावसाच्या नोंदी दुसरीकडे ठेवल्यात ना?

* * *

बेंगळुरूत शिकतो. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, तर इन्स्टॉल नीट झालं पण सुरू होताना काळा पडदा, पुढे काही नाही. जुन्या ग्राफिक्स कार्डाशी जुळत नव्हतं. सुरुवातीला येणाऱ्या ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत जोडला आणि एफ१० दाबलं. सुरू झाला. तेवढ्याने तात्पुरतं भागतं, कायमचं करायला ग्रबच्या फाईलमध्ये लिहावं लागतं.

* * *

लातूर. भारनियमनाच्या वर्षांत आमच्या दुकानात एका हंगामात दोन एसएमपीएस गेले. तिसरा पूर्ण गेला नाही, अर्धवट राहिला, आणि त्याने जास्त छळलं. पंखे फिरायचे, दिवे लागायचे, त्यामुळे वीज ठीक आहे असंच सगळ्यांना वाटायचं. डिस्क फिरायला लागली की त्याच क्षणी थिजायचा.

मल्टिमीटरचा काळा टोक काळ्या वायरला, लाल टोक पिवळ्या वायरला लावून सुरू होताना धरला. १२ व्होल्ट हवेत, ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. आकडा ११.१ वर येत होता. शेजाऱ्याचा एसएमपीएस तात्पुरता लावून खात्री केली, मग नवीन घेतला. तुमच्याकडेही हे करून बघा, पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जवळपास तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात.

आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग बघून घ्या.

* * *

सगळ्यांचे आभार. म्हापशाच्या ताई, तुमचं वाचलं आणि त्याच रात्री बाबांना फोन करून पावसाची फाईल पेनड्राइव्हवर घ्यायला लावली. मलाही मेल करून ठेवली.

नाशिकच्या दादांनी सांगितलेलं बाबांनी तीन दिवस करून पाहिलं. दुपारी दोनला पहिल्यांदा लावला तर तिन्ही दिवस पहिल्या दाबात सुरू. पहाटे चौथ्या खेपेला. कॅप्स लॉकचा दिवा अजिबात हलत नाही. यूएसबी काढल्या, फरक नाही. रॅम खोडरबराने पुसली, फरक नाही. एसएमपीएस आतेभावाचा लावून पाहिला, तरी अडकला.

* * *

पुन्हा नाशिकहून. मग ताई, बाजूचं झाकण काढा आणि बॅटरीच्या उजेडात प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. जुने लोक कंडेन्सर म्हणतात. उभी नळकांडी, वर एक्स किंवा के सारखी खाच असते. डोकं सपाट हवं. थंडीत यांचा आतला विरोध वाढतो आणि जुन्या, सुकत आलेल्यात तो इतका वाढतो की प्रोसेसरला स्वच्छ वीजच मिळत नाही. तीन-चारदा चालू-बंद केलं की थोडे गरम होतात आणि चालतात. आमच्याकडे २००० च्या दशकातल्या बोर्डांवर हा रोग फार दिसला.

बदलताना पांढऱ्या-करड्या पट्टीची बाजू ऋण असते. बोर्डावरच्या छापील खुणेवर मात्र विसंबू नका, सगळे बनवणारे ती सारखी छापत नाहीत. काढायच्या आधी फोटो काढा. उलटा बसला तर फुटतो.

* * *

शनिवारी कराडला गेले. प्रोसेसर आणि मागच्या पोर्टांच्या मध्ये सहा कपॅसिटर एका रांगेत. चार सपाट. दोघांची डोकी पुरीसारखी फुगलेली, त्यातल्या एकाच्या खाचेतून तपकिरी काहीतरी येऊन वाळलेलं, गुळाचा पाक सांडल्यासारखं. इतके महिने ते तिथेच होतं आणि दोन दुकानांत कुणी झाकणही काढलं नव्हतं.

६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळाले, १०५ अंशांपर्यंत चालणारे, कमी ईएसआरचे, म्हणजे आतला विरोध कमी असलेले. कराडात आमचे टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी बसवून दिले. फुगलेले दोनच नाही, सहाही बदला असं तेच म्हणाले, सगळे एकाच वयाचे. ऋण (ग्राउंड) बाजूचा पाय सुटायला फार वेळ लागला, कारण तांब्याचा मोठा पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो. काकांनी तिथे थोडं नवीन सोल्डर लावून मग जुनं उपसलं. जुन्या सोल्डरचा वास, बाबा बाजूला टॉर्च धरून उभे, अर्धा तास कुणीच बोललं नाही.

आज बारावा दिवस. पहाटे १३ अंशांवरही पहिल्या दाबात सुरू होतो. साडेनऊला बाबांनी पडद्याचा फोटो पाठवला, आजच्या तारखेसमोर ०.०.

काढलेले सहाही कपॅसिटर त्यांनी एका डबीत ठेवलेत. नाशिकच्या दादांना मोजून बघायचे असतील तर पाठवते.