अनुभव धागा: सुपरहिरोने तुम्हाला कधी भाषण ऐकवलंय का?

फेब्रुवारी २०१८, नाशिक, संध्याकाळचा शो. 'ब्लॅक पँथर' चालू होता, म्हणजे जगापासून लपून राहिलेल्या, पुढारलेल्या आफ्रिकी देशाच्या राजाचा सुपरहिरोपट. धबधब्याच्या कड्यावर गादीसाठी द्वंद्व व्हायचंय, डोंगरातल्या जबारी टोळीचा म्होरक्या म्बाकू येतो आणि गरजतो, "ग्लोरी टू..." पुढे शांतता. ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं स्पीकर गेला. मागून कुणीतरी "ए आवाज!" म्हणून ओरडलंही. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, गाळलेला शब्द 'हनुमान' होता. सिनेमातले जबारी लोक ज्या वानरदेवाला मानतात त्याचं नाव. सेन्सॉरने तेवढाच एक शब्द म्यूट करायला लावला होता.

ही गोष्ट परवा जेवताना निघाली आणि भाऊ पेटला. त्याचं म्हणणं, हल्ली प्रत्येक सुपरहिरोला मतं फुटलीत, पूर्वी नुसती धमाल मारामारी असायची. मी फोनवर कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यावर नायकाचा ठोसा थेट हिटलरच्या जबड्यावर बसलाय. अंकावर मार्च १९४१ असलं तरी तो स्टॉलवर आला डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. हा हिरो घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी ही दोघं ज्यू घरांतली पोरं. त्यांना धमक्या आल्या. १९३८ चा पहिलावहिला सुपरमॅन घ्या. राक्षसबिक्षस कुणी नाही, बायकोला मारणारा नवरा आणि सिनेटरला खिशात घातलेला दलाल, यांना तो बदडतो.

भाऊ म्हणाला, "ते कॉमिक्स. तू सिनेमाचं बोल."

म्हणून हा धागा. मतं नकोत, ती सगळ्यांकडे ढिगाने आहेत. अनुभव लिहा. कुठे पाहिलात, शेजारी कोण होतं, डोक्यात काय राहिलं. कथा फुटली तर फुटली, पाहायचं राहिलं असेल त्यांनी जपून वाचावं.
(खिडकीतली सीट)

एडिसनकर:
इथे न्यू जर्सीत तो शब्द पूर्ण ऐकू आला. आमच्या रांगेत दोन मराठी कुटुंबं आणि एक गुजराती. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. बायको कानात म्हणाली, "आपला?"

पण मला आठवतात त्या पुढच्या रांगेतल्या आजी. कृष्णवर्णीय, सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला भरजरी रंगीत कापड बांधून आलेल्या. आपण लग्नाला जातो तशा नटून. सिनेमा संपला, नावं संपली, दिवे लागले, झाडूवाला आला, तरी त्या बसून होत्या. नातू "ग्रँडमा, चल" म्हणत होता. त्यांना त्या दोन तासांत राजकारण दिसलं असेल की करमणूक, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणखी एक. २०२५ चा 'सुपरमॅन' पाहिला. हा परग्रहावरचा, माणूस नाही, म्हणून त्याला हक्कबिक्क लागू नाहीत असं सांगून त्याला डांबतात. दिग्दर्शक जेम्स गन आधीच बोलून बसला होता की सुपरमॅन ही स्थलांतरिताची गोष्ट आहे, त्यावरून इथे टीव्हीवर आठवडाभर भांडणं. मी मात्र थिएटरात बसून हसत होतो. एलियन म्हटलं की तुम्हाला उडती तबकडी आठवत असेल. माझ्या कराच्या फॉर्मवर मला अकरा वर्षं 'रेसिडेंट एलियन' म्हणतात.

रिकामटेकडा:
@एडिसनकर, त्याच 'सुपरमॅन'मध्ये आमच्याकडे चुंबनाचे ३३ सेकंद कापले. एका देशाने दुसऱ्यावर केलेली चढाई जशीच्या तशी ठेवली. घ्या.

नाईट ड्युटी:
मी नर्स आहे, पुण्यात. सगळे इतकं छान लिहितायत, मी जरा उलटं लिहू का?

मला राजकारण नको असतं. बारा तास उभं राहून आल्यावर मला एक माणूस उडताना बघायचा असतो, बस. 'ॲव्हेंजर्स'मधला 'एंडगेम' मी एप्रिल २०१९ मध्ये रात्रपाळी उतरून सकाळच्या शोला पाहिला. गणवेश पिशवीत, पायांत त्याच चपला. सगळं हरल्यावर ती सोनेरी वर्तुळं उघडतात आणि गेलेला एकेक हिरो परत येतो, तिथे मी ढसाढसा रडले. त्या आठवड्यात वॉर्डात जे झालं होतं त्याचं रडणं बाहेर यायला वाट मिळाली. याला कुणी संदेश म्हणत असेल तर म्हणो.

आणि त्याच सिनेमात पुढे भर लढाईत सगळ्या बायका एका ओळीत येऊन उभ्या राहतात. का? तर आम्ही बायका आहोत. थिएटरात शिट्ट्या पडल्या. मला कसनुसं झालं. आमच्या वॉर्डात रात्री डॉक्टर बाई, नर्स बाई, मावशी बाई, सफाईला बाई. आम्ही फोटोला उभं राहिल्यासारख्या ओळीत उभ्या राहत नाही, सलाइन संपत आलेली असते. दाखवायचंच तर काम करताना दाखवा ना.

खिडकीतली सीट:
नाईट ड्युटी ताई, उलटं कुठे, तुम्ही तर मुद्द्याचंच लिहिलंत.

सोलापुरी चादर:
माझा अनुभव घरचाच. आमच्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. जानेवारी २०२४ मध्ये तेलुगू 'हनुमान' लागला तेव्हा आख्खं खानदान गेलं. गावातलं साधं पोरगं, त्याला हनुमंताची शक्ती मिळते, हाणामारी फर्मास. निर्मात्यांनी जाहीर केलं होतं की प्रत्येक तिकिटातले ५ रुपये अयोध्येच्या राममंदिराला. सिनेमा १२ जानेवारीला आला, प्राणप्रतिष्ठा २२ ला.

मावशीने आयुष्यभर विड्या वळल्यात, बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. तिने एक तिकीट जास्तीचं काढलं. खुर्ची रिकामी. मी म्हटलं, "हे कुणाचं?" म्हणाली, "पाच रुपये जास्त जातील की."

आता मी तो माणूस, जो अमेरिकन सिनेमात झेंडा फडकला की "झाला प्रचार सुरू" म्हणतो. त्या रिकाम्या खुर्चीला काय म्हणायचं ते मला सुचेना. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "देवाचं काम हाय, राजकारण कुटं आलं त्यात?" मी समोसा खाल्ला.

लालबागकरीण:
खूप दिवसांनी लिहितेय, लांबेल.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात आमचं घर बसलं ते पुन्हा नीट उभं राहिलंच नाही. त्यामुळे पडद्यावर मोर्चा दिसला की मी हिरोकडे बघत नाही. पहिला दगड कुणाच्या हातात दिलाय ते बघते. सवय लागलीय, जात नाही.

२०१२ चा बॅटमॅनचा 'द डार्क नाईट राइझेस' दादरला पाहिला होता. बेन नावाचा खलनायक शेअर बाजारावर हल्ला करतो, लोकांना म्हणतो शहर तुमचं आहे, घ्या. मी सरसावून बसले. मग लोक काय करतात? श्रीमंतांच्या घरात घुसून फर कोट ओढतात, एक वेडा न्यायाधीश बसवतात, आणि माणसांना गोठलेल्या नदीच्या पातळ बर्फावरून चालत हाकलतात. शेवटी पोलिसांची फौज रस्त्यावर उतरते आणि आपण टाळ्या वाजवायच्या असतात त्या पोलिसांसाठी. ज्याच्या तोंडी गरिबाचं गाऱ्हाणं होतं त्याच्याकडे अणुबॉम्ब निघतो. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. शेजारी वडील. ते मफलर सारखा करत एवढंच म्हणाले, "आमच्याकडं बॉम्ब नव्हता."

तेव्हापासून मी हा खेळ ओळखते. 'ब्लॅक पँथर'मधला खलनायक किलमाँगर त्या राजाला काय विचारतो? जगभर तुमच्या रंगाची माणसं चिरडली जात होती, आणि एवढी शस्त्रं, एवढं ज्ञान असून तुम्ही लपून का राहिलात? उत्तर आहे का कुणाकडे? नाही. म्हणून मग त्याला स्वतःच्या मैत्रिणीवर गोळी झाडायला लावायची, औषधी वनस्पती सांभाळणाऱ्या म्हातारीचा गळा धरायला लावायचा. झालं, आता त्याचं ऐकायला नको. एवढं मानते की तिथे निदान शेवटी राजाला आपले दरवाजे उघडावे लागतात. बाकी ठिकाणी हिरो सगळं होतं तसं करून ठेवतो आणि आपण घरी.

तेव्हा करमणूक की राजकारण हा प्रश्नच मला कळत नाही. मला सांगा, दगड कुणाच्या हातात दिला?

रिकामटेकडा:
"आमच्याकडं बॉम्ब नव्हता." वाचून थांबलो. आज विनोद नाही.

एअरफ्रेम फिटर (निवृत्त):
वायुदलात वीस वर्षं पाने आणि रिव्हेटं यांत गेली, त्यामुळे मी या सिनेमांत विमानंच बघतो. पहिल्या 'आयर्न मॅन'मधली विमानं खरी, तळ खरा. अमेरिकेचं संरक्षण खातं असं सामान देतं, पण आधी पटकथा वाचतं. पटली तर देतं. म्हणजे शस्त्रं विकणाऱ्या माणसाला उपरती होते ही गोष्ट दाखवायला शस्त्रं वापरणाऱ्यांचीच मदत. मजा आहे.

त्याहून मजा 'ॲव्हेंजर्स'ची, २०१२. तिथे म्हणे बोलणी फिसकटली, कारण सिनेमातली ती शील्ड नावाची संस्था नक्की कुणाच्या हुकमाखाली आहे हे खात्याला उमगेना. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो, बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. राक्षस आकाशातून उतरतायत त्याचं काही नाही, पण रिपोर्टिंग कुणाला? फौजेत हाच पहिला प्रश्न असतो!

कंटाळलेला कोडर:
थोडक्यात. २०१४, कॅप्टन अमेरिकाचा 'विंटर सोल्जर', कोथरूड. त्यात एक यंत्रणा आहे, लोकांचे कॉल, बँकव्यवहार, मार्क वगैरे चाळून पुढे कोण त्रासदायक ठरेल ते आधीच ठरवते. मग वरून गोळ्या. ७०० कोटी लोकांच्या शांततेसाठी २ कोटी. अमेरिकी सरकार लोकांवर पाळत ठेवतं हे उघड करणाऱ्या स्नोडेनचं प्रकरण वर्षभरापूर्वीचंच, त्यामुळे मित्र "भारी आहे रे" म्हणत होते. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे कोणता ग्राहक कर्ज बुडवेल हे आधीच सांगणारं काहीतरी लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा घेताना ते आठवलं. मग स्टँडअप मीटिंग होती. पुढची चार वर्षं मी तेच काम केलं.

शेजारचा शक्तिमान:
आम्ही दूरदर्शनवाले. आमच्या हिरोने तर दर भागाच्या शेवटी दात घासा, खोटं बोलू नका सांगितलं आणि आम्ही हात जोडून 'सॉरी शक्तिमान' म्हटलं. भाषणाची सवय आहे.

टिंबटिंब:
मराठीत श्रेयस तळपदेचा 'बाजी' आला होता २०१५ ला. इथल्या किती जणांनी तिकीट काढून पाहिला? प्रामाणिक हात वर. (माझा खाली आहे.)

रद्दीतला वेताळ:
मुलांनो, मी सिनेमावाला नाही. पण खिडकीतली सीट यांचा म्यूट झालेला शब्द वाचून राहवेना.

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान होतं. तिथे इंद्रजाल कॉमिक्स. फँटम म्हणजे आमचा वेताळ, जंगलातला बुरखेधारी हिरो; त्याने ठोसा मारला की समोरच्याच्या गालावर त्याच्या अंगठीची कवटी उठायची. जत्रेतून मी कवटीची अंगठी आणली होती, पितळी, आतून बोट हिरवं व्हायचं. शाळेत एका पोराच्या गालावर कवटी उठते का ते बघायला ठोसा मारला. उठली नाही. मास्तरांनी माझ्या गालावर पाच बोटं उठवली, ती मात्र स्पष्ट.

पुष्कळ नंतर कळलं की आम्ही वाचत होतो ते धुऊनपुसून आलेलं होतं. मूळ गोष्टीत वेताळाचे पिढीजात वैरी 'सिंग' चाचे. आपल्याकडे कुणाला लागेल म्हणून ते 'सिंगा' झाले. मूळ देशाचं नाव बंगालशी जुळणारं, ते झालं 'डेंकाली'. एक काना वाढवला, एक नाव फिरवलं, आणि आम्ही पोरं निर्धास्त. ज्याने ही काटछाट केली त्याला राजकारण पक्कं कळत होतं.

मुलगी दहा वर्षांची असताना तिला वेताळच्या अंकांचा बांधीव खंड काढून दिला. तिने दोन दिवसांत वाचला आणि विचारलं, "बाबा, जंगलात एवढी माणसं आहेत, मग सगळ्यांना वाचवायला तो एकटा गोराच का? आणि चारशे वर्षं?" मी तीस वर्षं वाचत होतो. मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मी तिला म्हटलं, गोष्ट आहे गं, गोष्टीसारखी वाच. ती म्हणाली, वाचली की, म्हणून तर विचारलं.

तरी खंड टाकलेले नाहीत. दुपारी अजून काढतो एखादा.

नाईट ड्युटी:
काका, अंगठी आहे का अजून?

रद्दीतला वेताळ:
आहे. नातवाने मागून घेतली. सैल होते त्याला, दोरा गुंडाळून दिलाय.