मदत हवी आहे: ५०० सीसी टू-स्ट्रोकची किक सोपी कशी करायची?

चिरेखाण (धागाकर्ता)

मंडळी, गाडी होंडा सीआर ५०० आर, नव्वदच्या दशकातली. गोव्यात पेडण्याच्या बाजूला खाजगी जागेतल्या ट्रॅकवरच फिरते, रस्त्यावर नाही. सकाळी थंड असताना दहा-पंधरा किका लागतात. चालू होऊन लगेच बंद केली तर दुसऱ्या किकला उठते, पण दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. मधूनमधून किक उलटी बसते, घोट्यापर्यंत कळ जाते.

पेट्रोल पंपावरचंच, ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं). ऑइल ३२:१ (३२ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल). प्लग नवा आहे, पण काढला की काळा आणि ओला निघतो.

तीन उपाय सुचवले गेलेत: लांब किक-लिव्हर, जड मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चुंबकी चाक), किंवा हेडमध्ये डीकॉम्प्रेशन वाल्व्ह (किक मारताना आतला दाब बाहेर सोडणारा). आधी कशावर पैसे घालू?

कुळागरी

तिन्हीवर नको, एवढ्यात. किक जड असणं आणि किका जास्त लागणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. ८९ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७९ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), एकच पिस्टन. ती किक जडच राहणार. पण गाडी ठीक असेल तर थंड इंजिन तिसऱ्या-चौथ्या किकला बोललं पाहिजे. पंधरा लागतात म्हणजे पेट्रोल किंवा स्पार्क यातलं काहीतरी चुकतंय. लिव्हर लांब केलात तर तोच दोष थोड्या कमी जोराने पंधरा वेळा अनुभवाल.

प्लग ओला निघतो यावर जाऊ नका. पंधरा किकांनंतर कुठल्याही गाडीचा प्लग ओलाच येतो. कोरडा प्लग लावा, चोक ओढा, तीन किका मारा आणि लगेच काढून बघा. त्या वेळी तो कोरडा आहे की भिजलेला, त्यावर पुढचं ठरेल.

किक मारायची रीत बघून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. गिअर न्यूट्रलमध्ये. पेट्रोल कॉक उघडा. चोक पूर्ण वर, आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही. चोकचं जादा पेट्रोल स्लाइडमागच्या (कार्ब्युरेटरमधली हवेची झडप) ओढीवर येतं. स्लाइड उचलली की ओढ गेली आणि चोक असून नसल्यासारखा. मग लिव्हर हळूहळू दाबत दाब लागेपर्यंत या, तो दाब अगदी सावकाश ओलांडा, लिव्हर वर येऊ द्या. आता परत हलकेच दाबून दात अडकल्याची खात्री करा आणि मगच पूर्ण जोर, तळापर्यंत. असं केल्याने पुढचा दाब येईपर्यंत क्रँकला जवळजवळ एक अख्खा फेरा वेग घ्यायला मिळतो. वरून धाडकन उडी मारलीत तर रॅचेटचे दात झिजतात, नंतर लिव्हर घसरायला लागते.

उंची कमी पडत असेल तर डाव्या पायाखाली एक चिरा ठेवा. हसू नका, या सीटच्या उंचीला तोच सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. आणि पायात बूट. स्लिपर घालून ५०० ला किक मारणाऱ्याला कोणी काही सांगून उपयोग नसतो.

मॅग्नेटवाला

उलट्या किकबद्दल. स्पार्क पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच पडतो. क्रँकला वेग असेल तर पिस्टन पलीकडे निघून जातो. अर्धवट किक मारलीत, तर पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधीच जाळ होतो आणि तो त्याला आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणून घाबरून मारलेली किक सगळ्यात धोक्याची.

पण पूर्ण किक मारूनही उलटी बसत असेल तर टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते बघा. डावीकडचं कव्हर उघडा, मॅग्नेट पुलरनेच काढा (हातोडी अजिबात नको, क्रँक वाकतो) आणि आतली हाफमून चावी (मॅग्नेटला क्रँकवर जागेवर धरणारा अर्धचंद्राकार तुकडा) तपासा. ती थोडी जरी कातरली असेल तर मॅग्नेट टेपरवर (क्रँकच्या निमुळत्या टोकावर) सरकतो आणि टायमिंग आपोआप बदलतं. चावी बदलताना टेपरवर व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची बारीक पेस्ट लावून मॅग्नेट हाताने फिरवून बसवा, पेस्ट पूर्ण पुसा, नट मॅन्युअलच्या टॉर्कलाच घट्ट करा.

चावी शाबूत असेल तर कॉइल प्लेट मूळ खुणेवर आहे का बघा. मॅग्नेट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने प्लेट किंचित सरकवली की स्पार्क उशिरा पडतो, उलटी किक कमी होते. किंचित म्हणजे किंचितच. फार मागे नेलंत तर सायलेन्सर तापतो आणि गाडी वर ओढेनाशी होते.

त्याच बैठकीत किल स्विचची वायर सोडवून स्पार्क बघा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाऱ्या हवेत त्या बटणात हिरवा गंज चढतो आणि स्पार्क अर्धा बॉडीत जातो. प्लगची कॅप फिरवून काढा, वायरचं टोक पाच-सहा मिमी कापून ताज्या तांब्यावर परत बसवा. स्पार्क बघताना प्लग हेडला नीट टेकलेला हवा आणि प्लगच्या भोकापासून लांब. कॅप मोकळी ठेवून किक मारलीत तर कॉइल आणि सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्हींवर ताण येतो.

चिरेखाण

हाफमून चावी एका बाजूला दबलेली निघाली, बदलली. किल स्विच सोडवल्यावर स्पार्क निळा आणि जाड दिसतो, आधी पिवळट होता.

तीन किकांनंतर थंड इंजिनाचा प्लग जवळपास कोरडा! आणि दहा मिनिटं उभी ठेवल्यावर काढला तर भिजून चिंब. हे कसं? कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू अर्ध्या फेऱ्यावर असताना आयडल सगळ्यात बरं लागतं.

कुळागरी

दोन दोष आहेत, म्हणून गोंधळ.

थंड आणि कोरडा: पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) कमी पडतंय. या कार्ब्युरेटरला एअर स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते. एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये आयडल जुळलं पाहिजे. अर्ध्यावर जुळतं म्हणजे जेट लहान आहे किंवा बुजलेलं आहे. आधी काढून उजेडासमोर धरा. भोक गोल दिसलं पाहिजे. तार घालू नका, कार्ब क्लीनर आणि हवा. तेवढ्याने भागलं नाही तर एक नंबर मोठं, म्हणजे ५५ असेल तर ५८.

गरम आणि चिंब: फ्लोटची सुई (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी) गळतेय. कॉक उघडा राहिला की पेट्रोल ओसंडून क्रँककेसमध्ये उतरतं. सुईचं रबरी टोक बघा, खाच पडली असेल तर सुई आणि सीट दोन्ही बदला, फ्लोटची उंची मोजून घ्या. तोवर गाडी थांबवली की कॉक बंद, ही सवय लावा. तुंबलीच तर कॉक बंद, चोक खाली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि आठ-दहा किका. नाही उठली तर प्लग काढून पुसा.

भरतीओहोटी

कुळागरींशी पूर्ण सहमत नाही. गोव्यात ३० अंशांच्या वर तापमान, दमट हवा. अशा हवेला थंड देशांपेक्षा लहान जेट लागतं. सरळ एक नंबर मोठं टाका म्हणणं घाईचं आहे.

कुळागरी

हवेचं बरोबर आहे पात्रांव, पण पेट्रोलचं विसरताय. या गाडीचे जेट शुद्ध पेट्रोलवर ठरवलेले. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त पेट्रोल. उष्ण हवा जेट लहान करायला सांगते, इथेनॉल मोठं करायला. म्हणून मूळ नंबरपासून सुरुवात आणि निर्णय एअर स्क्रूवर सोडायचा. त्यांच्या स्क्रूने तर उत्तर दिलंच आहे.

ई-२० हवेतलं पाणी ओढतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे टाकीत ठेवू नका. लागेल तेवढंच मिसळा: ३२:१ ला ५ लिटरमागे १५६ मिली.

लेथवर

आता वाल्व्हचं बोलतो. वरचं सगळं झाल्यावरही किक झेपत नसेल तरच.

मोठ्या चेनसॉला असतो तो बटणाचा डीकॉम्प्रेशन वाल्व्ह चालतो. बटण दाबलं की दाब बाहेर, इंजिन पेटलं की त्याच धक्क्याने वाल्व्ह आपोआप मिटतो. कुळागरवाल्यांना (सुपारी-नारळाच्या बागायतदारांना) चेनसॉ-ग्रासकटर विकणाऱ्या दुकानांत विचारा, म्हापशात किंवा फोंड्यात मिळून जाईल. आटे बहुधा एम १० × १ असतात, पण वाल्व्ह हातात घेऊन पिच गेजने मोजल्याशिवाय टॅप चालवू नका.

अडचण ही की हे हेड पाण्याचं आहे. वरून भोक मारलंत तर ते आधी पाण्याच्या पोकळीतून जाणार. म्हणून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा भरीव गोळा टिग वेल्डिंगने बसवून, मग त्यातून भोक आणि आटे. वेल्डिंगने हेड वाकतं, त्यामुळे नंतर बसण्याची कड लेथवर सपाट करावी लागते. वाल्व्हचं टोक ज्वलनकक्षाच्या पृष्ठभागाशी समतल हवं. आत आलं तर लाल होऊन ठोके (पेट्रोल अवेळी पेटल्याचा खडखडाट) सुरू होतात. काम झाल्यावर पाण्याच्या बाजूने हवेचा दाब देऊन, हेड बादलीत बुडवून बुडबुडे बघा.

दाब कमी करायला जाड गॅस्केट टाकू नका. त्याने पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट वाढते आणि ठोके वाढायची शक्यता जास्त. दाब कमी करायचाच तर हेडचा घुमट थोडा खोल करतात, कडेची फट आहे तेवढीच ठेवून.

लांब लिव्हरने जोर कमी लागतो खरा, पण जोर तेवढाच लावलात तर किक-शाफ्टवर पीळ जास्त येतो. जड मॅग्नेट मला पसंत आहे: आयडल शांत होतं, वळणावर इंजिन पटकन बंद पडत नाही. किक मात्र हलकी होत नाही.

चिरेखाण

जेट खरंच अर्धं बुजलेलं होतं. साफ करून तोच नंबर परत लावला, एअर स्क्रू सव्वा फेऱ्यावर जुळला. सुई नवी टाकली. थंड असताना आता तिसऱ्या किकला उठते. वाल्व्हचं बटण टाकीखाली अडणार नाही ना, एवढंच विचारायचं होतं.

लेथवर

अडतं. म्हणून भोक मारायच्या आधी टाकी चढवा, हेडवर प्लास्टिसिनचा गोळा ठेवून दाबा आणि उरलेली उंची मोजा. बटण दाबायला बोट जाईल एवढी जागा हवी. पण तिसऱ्या किकला उठणाऱ्या गाडीचं हेड मी तरी उघडलं नसतं.