नो-फॉल्टला मराठीत काय म्हणावं?

गवतीचहा
मुक्काम न्यूयॉर्क. आई सहा महिन्यांसाठी आली आहे. तीन आठवड्यांपूर्वी सिग्नलला उभे असताना मागून गाडी आदळली, आईची मान धरली. इथे गाडीत बसलेल्यांचा दवाखान्याचा खर्च त्याच गाडीच्या विम्यातून मिळतो, चूक कोणाचीही असो. यालाच नो-फॉल्ट म्हणतात. माणशी किमान ५०,००० डॉलरपर्यंत. कळवायचं ३० दिवसांत. मी आईला ‘निर्दोष विमा’ असं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे त्याला निर्दोष सोडला? वर पैसे आपल्याच विम्यातून?” अर्जावरची तिची सही अडली आहे. शब्द सुचवा.

शुद्धमती
दोषनिरपेक्ष विमा. धर्मनिरपेक्ष चालतं, मग हे का नाही?

खटारा
दोष म्हटलं की आमच्याकडे पत्रिका काढतात. मंगळदोष असला तरी विमा मिळेल, असा अर्थ होईल.

वायरमन
फॉल्ट मराठीच झालाय. ‘लायनीला फॉल्ट आहे’ हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगतं. नो-फॉल्ट म्हणजे लाइट आली.

बेलीफ
आपल्याकडेही ही तरतूद जुनीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १४०: मृत्यूला ५०,०००, कायमच्या अपंगत्वाला २५,००० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. चूक कोणाची हे सिद्ध करायला नको. आमच्या कोर्टात सगळे ‘एकशेचाळीसचा अर्ज’ म्हणत. भाषांतरावाचून कोणाचं अडलं नाही.

गवतीचहा
आणखी एक घोटाळा. ‘दावा’ म्हणालो तर आई म्हणे कोर्टाची पायरी नको. ‘क्लेम’ म्हटल्यावर शांत.

शुद्धमती
चांगला मराठी दावा सोडून क्लेम?

खटारा
दावा अरबी, विमा फारसी, नुकसानभरपाईतलं नुकसान पुन्हा अरबी. आपली अशी भरपाई तेवढी उरली, तीही कंपनी देईल तेव्हा.

शुद्धमती
शतकानुशतकं मुरलेत ते शब्द. क्लेम कालचा.

वायरमन
लोणचंही काल घातलेलंच असतं की कधीतरी.

गवतीचहा
गाडीची दुरुस्ती मात्र नो-फॉल्टमध्ये बसत नाही. ती मागच्या गाडीवाल्याच्या विम्याकडे मागायची. तिथे आम्ही थर्ड पार्टी.

शुद्धमती
त्रयस्थ पक्ष.

बेलीफ
त्रयस्थ म्हणजे भांडणात नसलेला. तिऱ्हाईत म्हणा.

खटारा
पहिला गाडीवाला, दुसरी कंपनी, तिसरा ज्याला ठोकलं तो. मान त्याची मोडली आणि तिऱ्हाईतही तोच?

बेलीफ
आमची आजी तिऱ्हाईत म्हणजे घराबाहेरचा, एवढ्याच अर्थाने म्हणायची. सूनही तिला पहिली दोन वर्षं तिऱ्हाईतच.

शुद्धमती
आजीचा दाखला म्हणजे कोश नव्हे.

गवतीचहा
मंडळी, आज २६ वा दिवस. आईला काय सांगू?

खटारा
बेलीफ, आजी कुठल्या? आमच्याकडे ‘तिर्हाइत’ असा ‘र’ तोडून म्हणतात.