मोटरहोममधला पाण्याचा पाइप थंडीने फुटलाय, तातडीने मदत हवी

फिरस्ता (सकाळी ८:५०)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. मोटरहोम घेऊन डोंगरात आलोय. पहाटे तीनला पाण्याचा पंप आपोआप सुरू झाला आणि थांबेचना. अंधारात स्विच सापडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली. सकाळी पाहतो तर १०० लिटरची टाकी रिकामी आणि गाडीखाली बर्फाची लादी. पाइप फुटलाय हे उघड आहे. मला दोनच गोष्टी सांगा. प्लास्टिकच्या पाइपला थंडीत टिकेल असा टेप किंवा सीलंट कोणता? आणि उरलेले चार दिवस पाणी गोठू नये म्हणून टाकीत काय घालू? दुपारी २ ला दुकानं बंद होतील, मग दोन दिवस नाताळची सुट्टी.

मिनेसोटाकर (९:०२)
गुलाबी अँटीफ्रीझ आणा. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, आरव्हीसाठी (म्हणजे मोटरहोमसाठी) म्हणूनच मिळतं. आधी सगळे पाइप रिकामे करायचे, वॉटर हीटर बायपास करायचा आणि मग पंपाने ते ओढून घ्यायचं. प्रत्येक नळातून गुलाबी धार आली की काम झालं. बाहेरचा शॉवर हमखास विसरतो, माझा पहिल्या वर्षी तिथेच फुटला. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं मात्र चुकूनही घालू नका, ते एथिलीन ग्लायकॉल, विषारी.

फिरस्ता (९:०६)
पण आम्ही गाडीत राहतोय! त्याच पाण्याने भांडी, आंघोळ, चहा सगळं चालतं. अँटीफ्रीझ घालून कसं चालेल?

मिनेसोटाकर (९:११)
राहताय हे लिहिलं नव्हतंत. मग ते नको. ते गाडी हिवाळाभर उभी करून ठेवायची असेल तेव्हाचं.

नळकाम_नाशिक (९:१५)
३१ वर्षं प्लंबिंग करतोय. दाबाच्या पाण्याच्या पाइपवर टेप टिकत नाही, दोन तासांत सुटतो. फुटलेला तुकडा कापायचा आणि कपलर टाकायचा. पण पाइप कुठला? गरम पाण्याचा की गार? बाहेरचा व्यास किती? आणि फुटलेली जागा डोळ्यांनी पाहिली आहे का?

फिरस्ता (९:१९)
जागा दिसत नाही, सगळं पलंगाखाली पॅनेलच्या आत आहे. पाणी खाली फरशीतल्या एका भोकातून पडतंय.

सह्यमित्र (९:२४)
आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे, मार्चमध्ये स्पितीला नेली होती. अनुभवाचं सांगतो, थंडीत टाकीच्या नादी लागूच नका. सगळं पाणी काढून टाकायचं, पिण्याचं आणि वापरायचं कॅनमध्ये भरून आत माणसांजवळ ठेवायचं. रात्री कॅनवर गोधडी. काझात हॉटेलवालेसुद्धा नळ बंद करून बादलीने पाणी देतात. गॅसचाही त्रास होतो, आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. आम्ही सिलिंडरवर गरम पाणी ओतायचो.

नळकाम_नाशिक (९:२८)
गरम पाणी ओतायचा सल्ला देऊ नका हो. कोणीतरी उकळतं ओतेल, कोणी स्टोव्हशेजारी नेऊन ठेवेल. थंडीत निव्वळ प्रोपेनचं सिलिंडर घ्यावं, ते उणे ४२ पर्यंत वायू देतं.

सह्यमित्र (९:३१)
कोमट म्हणायचं होतं. आणि स्पितीत प्रोपेन आणायचं कुठून, तेही सांगा ना.

अवनी_के (९:३३)
टाकीत मीठ घातलं तर पाणी कमी तापमानाला गोठतं. शाळेत शिकलोय सगळे.

नळकाम_नाशिक (९:३५)
१०० लिटरला उपयोग व्हावा इतकं मीठ म्हणजे दहा-पंधरा किलो. प्यायचं नाही, आंघोळीचं नाही, शिवाय पंप आणि बॉयलर गंजणार. कृपया कोणी करू नका.

फिरस्ता (९:३८)
मंडळी, माझे चार तास उरलेत. स्पिती, मीठ, गॅस हे विचारलेलं नाही. गॅस प्रोपेनच आहे आणि भरपूर आहे. पाइपचं सांगा.

स्वरा_म्युनिक (९:४४)
थांबा, काही आणायला धावू नका. दुपारी २ ला दुकानं बंद म्हणजे जर्मनीत आहात, बरोबर? गाडीत हीटर कोणता आहे? ट्रुमा कॉम्बी, म्हणजे आतली हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा, आहे का? रात्री तो चालू होता की बंद? आणि बाहेर किती होतं?

फिरस्ता (९:५०)
ओबर्स्टडॉर्फजवळ आहोत, रात्री उणे ११ होतं. हीटर ट्रुमाचाच आहे. गाडी सप्टेंबरमध्ये सेकंडहँड घेतली, विकणाऱ्याने दहा मिनिटांत सगळं दाखवलं आणि किल्ली दिली. पण आत अजिबात गार नव्हतं, १९ अंश होतं. सोबत आई आहे, वय ७१. ब्लोअरच्या आवाजाने तिला झोप येईना म्हणून रात्री ट्रुमा बंद करून साधा पंख्याचा इलेक्ट्रिक हीटर लावला होता. त्यामुळे गारठ्याचा प्रश्नच नाही.

स्वरा_म्युनिक (९:५८)
तिथेच प्रश्न आहे, ट्रुमा बंद म्हणून त्याच्या आसपासची जागा गार पडली. तुमचा पाइप बहुतेक फुटलेलाच नाही.

कॉम्बीच्या बॉयलरशेजारी फ्रॉस्टकंट्रोल नावाचा एक झडपेचा ठोकळा असतो. त्याच्याजवळचं तापमान साधारण ३ अंशांखाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं १० लिटर पाणी गाडीखाली सोडून देतो. याला वीज लागत नाही, बॉयलर गोठून फुटू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे. तुमचा पंप दाबावर चालणारा दिसतो. झडप उघडली, दाब गेला, पंपाला वाटलं कोणीतरी नळ सोडलाय, आणि त्याने सगळी टाकी त्या भोकातून बाहेर काढली. आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात हेच झालं होतं, मीही रडकुंडीला येऊन पाइप शोधत बसले होते.

पलंगाखाली बघा. नॉब असेल आणि एक बटण वर आलेलं असेल. ट्रुमा लावा, तिथलं कपाट उघडं ठेवा, जागा ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बटण आत बसणार नाही. घाई असेल तर हेअर ड्रायरने त्या ठोकळ्याला थोडी ऊब द्या. मग नॉब फिरवून बटण दाबा.

मिनेसोटाकर (१०:०४)
स्वराताईंचं कारण पटतंय, इकडेही अगदी असंच होतं. फर्नेसच्या (गाडीतल्या गॅस हीटरच्या) गरम हवेची एक नळी खाली टाक्यांच्या पोकळीत सोडलेली असते. लोक गॅस वाचवायला आत इलेक्ट्रिक हीटर लावतात, थर्मोस्टॅटला खोली गरम वाटते, फर्नेस सुरूच होत नाही आणि खालचे पाइप गोठतात. माणसं उबेत, पाणी बर्फात. माझा शेजारी दोनदा फसलाय.

अवनी_के (१०:०७)
एका ग्रुपवर वाचलंय की त्या बटणाला कपड्यांचा चिमटा लावला की ते वर येतच नाही.

स्वरा_म्युनिक (१०:१०)
चिमटा अजिबात नको. रात्री गॅस संपला आणि हीटर बंद पडला तर ते पाणी बॉयलरमध्येच गोठेल. बर्फ होताना पाणी जवळजवळ ९ टक्के फुगतं, बॉयलर टिकत नाही. गोठून फुटलेल्याला वॉरंटीही मिळत नाही.

नळकाम_नाशिक (१०:१४)
झडप बंद झाल्यावर टाकी एकदम भरू नका. आधी १५ लिटर घाला, पंप लावा, सगळे नळ बंद ठेवून पाच मिनिटं ऐका. पंप थांबून गप्प राहिला तर पाइप शाबूत. मधेच पुन्हा पुन्हा घुरघुरला तर कुठेतरी गळतंय. पंप कोरडा चालला होता, तेव्हा आवाज नेहमीसारखा आहे का तेही बघा.

फिरस्ता (१०:१७)
बघतो. पण मग आईच्या झोपेचं काय करू? रोज रात्री ती टक्क जागी.

स्वरा_म्युनिक (१०:२५)
ट्रुमा बंद करू नका, १६ अंशांवर ठेवा. एकदा गाडी तापली की ब्लोअर हळू फिरतो. आईंचं डोकं ब्लोअरच्या विरुद्ध बाजूला करता येतं का बघा, आणि हीटरजवळची हवेची जाळी पूर्ण उघडी ठेवा, कारण पाण्याचे पाइप गरम हवेच्या नळ्यांच्या बाजूने नेलेले असतात. मॉडेलच्या नावात शेवटी ‘ई’ असेल तर तो विजेवरही चालतो, ९०० किंवा १८०० वॅटवर. मात्र १८०० लावून वर तुमचा पंख्याचा हीटर लावू नका. कॅम्पिंगचा फ्यूज १० अँपिअरचा असला तर तो २३०० वॅटला उडेल आणि रात्री सगळंच बंद.

आणि सांडपाण्याची टाकी बहुतेक गाडीखाली उघड्यावर असते. तिची झडप उघडी ठेवून खाली बादली ठेवा, रोज रिकामी करा. बादलीतला बर्फ फेकता येतो, टाकीतला नाही.

सह्यमित्र (१०:३१)
७१ वर्षांच्या आईंना उणे ११ मध्ये गाडीत कशाला ठेवलंत? जवळ खोली घ्या.

फिरस्ता (१०:३४)
आईलाच बर्फात राहायचं होतं. साताऱ्याहून त्याच्यासाठी आली आहे.

फिरस्ता (दुपारी १:४०)
बटण वरच होतं! पलंगाखालच्या फळीमागे, बोटाएवढं. कपाट उघडून ट्रुमा लावला, तरी तासभर बसेना. मग बायकोने हेअर ड्रायर धरला आणि कट्ट झालं. १५ लिटर भरून पाच मिनिटं ऐकलं, पंप गप्प. आता कॅम्पिंगच्या नळावरून कॅनने टाकी भरतोय. सांडपाण्याची टाकी मात्र अर्धी गोठली आहे, झडप हलतसुद्धा नाही. तिला जोर लावू का?

स्वरा_म्युनिक (१:४७)
जोर नको, दांडा तुटेल. सिंक वापरू नका, भांडी कॅम्पिंगच्या धुण्याच्या जागेत धुवा. टाकीचं आपोआप वितळू द्या.

मिनेसोटाकर (१:५५)
झडपेवर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं गुंडाळा, पाच-पाच मिनिटांनी बदला. माझी तशी दोनदा सुटली आहे.

फिरस्ता (सायंकाळी ६:२०)
फडक्याने सुटली, बादली लावली आहे. ट्रुमा १६ वर, आईचा पलंग पुढच्या बाजूला हलवला. सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी चिडून लिहिलं त्याबद्दल माफ करा.

नळकाम_नाशिक (६:३२)
त्या बटणाचा जवळून फोटो टाका ना. विजेशिवाय थंडी ओळखून उघडणारी झडप मी अजून पाहिलेली नाही.