मधुमेही पायाची जखम: ऑक्सिजन कमी पडतो, की त्याची हाक कुणी ऐकत नाही?

तापीकाठ
कापूस वेचणीला नाहीतर केळीच्या बागेत अनवाणी जाणं आपल्याकडे सर्रास चालतं. मधुमेहानं पाय सुन्न झालेला असतो, पऱ्हाटीचा खुंट रुततो, आणि चादरीवर डाग दिसेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. पुढे ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "रक्त पोचत नाही, ऑक्सिजन नाही, म्हणून जखम भरत नाही." माझ्या मते हे अर्धंच खरं आहे.

निरोगी शरीरात ऑक्सिजन घटणं हीच दुरुस्तीची हाक असते. पेशीत एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रथिन सतत बनतं. ऑक्सिजन पुरेसा असला की एक एन्झाइम ऑक्सिजन आणि लोह वापरून त्यावर खूण करतं, आणि खूण झालेलं प्रथिन काही मिनिटांत नष्ट होतं. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही. प्रथिन टिकतं, केंद्रकात जातं आणि व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं प्रथिन) आणि एसडीएफ-१ (पेशींना बोलावणारं प्रथिन) यांची जनुकं चालू करतं. २०१९चं वैद्यकाचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना याच शोधासाठी मिळालं.

व्हीईजीएफमुळे शेजारच्या रक्तनळीतली एक पेशी टोक काढून पुढे सरकते आणि नॉच नावाच्या निरोप-मार्गानं बाजूच्या पेशींना मागेच थांबवते. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी बनणारच नाही. एसडीएफ-१ चा माग काढत अस्थिमज्जेतून रक्तात आलेल्या दुरुस्ती पेशी सीएक्ससीआर-४ या ग्राहकाच्या (पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या प्रथिनाच्या) बळावर जखमेपर्यंत येतात.

मधुमेहात ही हाक दोन ठिकाणी दबते. साखरेतून तयार होणारं मिथाइलग्लायॉक्सल पी-३०० या सहायक प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे एचआयएफ असूनही जनुक नीट चालू होत नाही. दुसरीकडे अस्थिमज्जेत नायट्रिक ऑक्साइड हा पेशींना सोडवणारा वायू कमी बनतो आणि पेशी मज्जेतून सुटतच नाहीत. म्हणून माझं म्हणणं: कमी ऑक्सिजनला शत्रू ठरवू नका, बिघडलेला निरोप दुरुस्त करा. प्रयोगशाळेत १ टक्का ऑक्सिजनमध्ये तयार केलेल्या दुरुस्ती पेशी टोचण्यावर भर द्यायला हवा.

धुळे_कल्चर
यंत्रणा बरोबर मांडलीत, पण शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. "१ टक्का" हा आकडा इन्क्युबेटरच्या (पेशी वाढवण्याच्या पेटीच्या) पडद्यावरचा असतो, पेशीच्या अंगाशी किती आहे हे त्यावरून कळत नाही.

२४ खान्यांच्या प्लेटमध्ये एका खान्याचं क्षेत्रफळ साधारण १.९ चौ. सेंमी. त्यात अर्धा मिली मीडियम (पेशींचं पोषक द्रव) घातलं की अडीच मिमीच्या वर थर होतो. ऑक्सिजन त्यातून हळूहळू झिरपतो आणि खालच्या पेशी तो खात असतात. पेशी दाट असतील तर नेहमीच्या हवेतल्या प्लेटच्या तळाशीसुद्धा ऑक्सिजनची ओढ लागते. उलट, बाहेर ठेवलेलं ताजं मीडियम घालून प्लेट १ टक्क्यात ठेवली तर पहिले काही तास पेशींना ऑक्सिजनची कमी जाणवतच नाही, कारण मीडियमबरोबर प्लॅस्टिकमध्येही ऑक्सिजन मुरलेला असतो. मीडियम आदल्या रात्रीच कमी ऑक्सिजनमध्ये ठेवायचं, आणि "शून्य तास" तिथून मोजायचा.

नमुना काढताना तर बहुतेक घोळ होतो. प्लेट बाहेर आणून, धुऊन, लायसिस बफर (पेशी फोडणारा द्राव) शोधेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात एचआयएफ निम्म्याखाली येतं. मग चाचणीत एचआयएफची पट्टी फिकी दिसते आणि निष्कर्ष निघतो की "पेशींनी प्रतिसाद दिला नाही". लायसिस कमी ऑक्सिजनच्या बंद पेटीच्या आतच, बर्फावर करायला हवं. पेटी नसेल म्हणून कोबाल्ट क्लोराइड वापरणाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहावं. त्यानं एचआयएफ टिकतं, पण ऑक्सिजन कमी झालेला नसतो, पेशीचा श्वास तसाच चालू राहतो.

आणखी एक गोष्ट. एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशींच्या तयार मीडियममध्ये व्हीईजीएफ आधीच घातलेलं असतं. ते न काढता "पेशी एकमेकींना व्हीईजीएफनं काय सांगतात" हे मोजणं म्हणजे भर बाजारात कुजबुज ऐकणं.

आणि दुरुस्ती पेशी म्हणजे नेमक्या कुठल्या? १९९७ साली या पेशींचं पहिलं वर्णन आलं, तेव्हापासून एकाच नावाखाली दोन जाती चालल्या आहेत. आठवडाभरात दिसणाऱ्या पेशींवर सीडी-४५ आणि सीडी-१४ या ओळखीच्या खुणा असतात. त्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या वंशाच्या, नळी बनवत नाहीत, फक्त निरोप सोडतात. खरी नळी बनवणाऱ्या वसाहती प्रौढ रक्तातून दोन-तीन आठवड्यांनी उगवतात, त्यांच्यावर सीडी-४५ नसतं. दोघींचा कमी ऑक्सिजनला प्रतिसाद सारखा धरू नका.

पाय_वाचवा
कल्चरवाल्या भाऊंशी सहमत. रुग्णाच्या बाजूनं सांगायचं तर मला मूळ मांडणीची भीती वाटते. "कमी ऑक्सिजन चांगला" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

जखमेतल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीला जंतू मारायला ऑक्सिजन लागतो. कोलॅजेनचा धागा पक्का व्हायलाही लागतो. घोट्याचा रक्तदाब ५० मिमीच्या खाली, अंगठ्याचा ३० च्या खाली किंवा त्वचेवरून मोजलेला ऑक्सिजनचा दाब २५ च्या खाली असेल तर तातडीनं धमनी उघडण्याचा विचार करायचा, पेशींचा नंतर. मधुमेहात घोट्याच्या धमन्या कडक होतात आणि घोटा-दंड गुणोत्तर (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) १.३ च्या वर, खोटं चांगलं दिसतं. म्हणून अंगठ्याचा दाब घ्याच.

पेशी टोचण्याबद्दल: नेदरलँड्समध्ये १६० रुग्णांच्या मांडीच्या धमनीत अस्थिमज्जेच्या पेशी वारंवार सोडून पाहिल्या. २०१५ साली निकाल आला, पाय कापण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

आप्पा_चोपडा
मग रोज कुंभक केला तर शरीराला कमी ऑक्सिजनची सवय होऊन दुरुस्ती पेशी वाढतील का?

पाय_वाचवा
आप्पा, नाही. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना रात्रभर असेच हेलकावे बसतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. चालताना पोटरी भरून येत असेल तर डॉक्टरांना विचारून ठरल्या वेळेला चालणं जास्त कामाचं. जखम उघडी असताना मात्र तिच्यावर भार नको.

सातपुडा_नंदुरबार
आमच्या भागाची बाजू यात आलीच नाही. भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे, आणि घोट्यावरच्या चिवट जखमा तिथेही दिसतात. तिथे ऑक्सिजन घटला की निरोप जाण्याआधीच हिमोग्लोबिन गोठून काड्या होतात, लाल पेशी ताठ होऊन नळीच्या अस्तराला चिकटते. फुटलेल्या पेशींतलं सुटं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड पिऊन टाकतं. तापीकाठ भाऊ ज्या वायूवर सगळी साखळी उभी करतात, तोच नाहीसा. "आधी थोडा कमी ऑक्सिजन द्या" ही कल्पना सिकलसेलच्या रुग्णापर्यंत पोचूच नये.

तापीकाठ
सिकलसेलचा मुद्दा पूर्ण मान्य, तो मी वगळायला नको होता. पाय_वाचवा, धमनी आधी, हेही मान्य. "शत्रू ठरवू नका" हे वाक्य मागे घेतो: थोडा वेळ ऑक्सिजन घटणं ही हाक, महिनोन् महिने घटलेला राहणं हा आजार.

पण निरोपाचा मुद्दा सोडत नाही. २००७ मध्ये मधुमेही उंदरांना जास्त दाबाचा ऑक्सिजन दिला. मज्जेतलं नायट्रिक ऑक्साइड वाढलं, पेशी रक्तात आल्या. तरी त्या जखमेत जमायला एसडीएफ-१ वेगळं टोचावं लागलं. म्हणजे ऑक्सिजन मिळूनही जखमेकडून हाक गेली नव्हती. लोह बांधणारं डिफेरॉक्सामीन त्वचेवर लावल्यावर अशाच उंदरांच्या जखमा लवकर भरल्या, हेही त्याच बाजूचं.

धुळे_कल्चर
उंदराची जखम कातडी आकसून भरते, आपली नव्या पेशींनी. जखमेच्या कडेला सिलिकॉनचं कडं शिवून केलेले प्रयोग असतील तेवढेच मोजू या. आणि तुमच्या १ टक्क्याच्या पेशी परत हवेत आणल्यावर किती तास तशाच राहतात, तेही आधी मोजून दाखवा.