मॅसी ३५ दहा वर्षं बंद: सेल्फ मारायच्या आधी काय काय बघू?

माळावरचा:

आजोबांचा मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलिंडरचा. इंजिनच्या प्लेटवर ३.१५२ वाचता येतं. दहा वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा आहे. मागचा पत्रा उडालाय आणि सायलेन्सरच्या तोंडावर काहीच झाकलेलं नव्हतं. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला तर इंजिन बोटभरही हलत नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय, ते कुणी टाकलेलं नाही. टाकीत अर्धं डिझेल आहे, रंग काळ्या चहासारखा. मागचे टायर बसलेत, रिमला व्हॉल्व्हपाशी गंज आहे. आरसी आजोबांच्या नावावर, मुदत कधीच संपली.

विकायचा नाही. नांगरटीचं जड कामही नको. फवारणीचा टँकर, पेरणी, थोडं कोळपणं एवढं झालं तरी बास. लिफ्ट मात्र चालली पाहिजे. गावात सगळे म्हणतात, टोचन लावून ओढ, सुटेल. ओढू का? आणि हाफ इंजिनात (लायनर, पिस्टन, रिंगा) भागेल की फुल (क्रँकसकट) करावं लागेल, हे कशावरून ठरवायचं?

नांगरट:

सिलिंडरात थोडं डिझेल सोडा, दोन दिवस थांबा आणि टोचन लावा. वरच्या गिअरला हळूच क्लच सोडायचा. जाम इंजिन असंच सुटतं.

पाना_पक्कड:

नांगरट भाऊ, एरवी चाललं असतं, पण या इंजिनाला टोचन लावायचं नाही. डिपस्टिकवरची पातळी वाढलीय म्हणजे आत काहीतरी उतरलंय. सायलेन्सर उघडा, म्हणजे पावसाचं पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता त्या सिलिंडरात गेलं आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) झिरपलं. एखाद्या सिलिंडरात अजून पाणी असेल आणि तुम्ही ओढलंत, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी नसेल तर रिंगा गंजाला चिकटलेल्या असतात, त्या तुकडे होऊन लायनर (पिस्टन ज्या नळीत फिरतो ती) ओरबाडतात. मागचं चाक इंजिनाला जेवढ्या जोरात फिरवतं तेवढा जोर हाताच्या पान्याने कधीच लागत नाही. हाताने फिरवण्याचा फायदा हाच, की अडलं तर कळतं आणि थांबता येतं.

माळावरचा, क्रम असा ठेवा.

आधी सम्पचा प्लग अगदी सावकाश सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे आधी पाणीच येतं. किती आलं ते डब्यात मोजून ठेवा. पाणी आलं नाही आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास मारत असेल, तर लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप, मागच्या लिफ्टचा नव्हे) डायफ्राम फाटलाय किंवा फ्युएल पंपाचं शाफ्ट सील गेलंय.

मग टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं, व्हॉल्व्ह झाकणारं) काढा. सहाही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलकं ठोका. व्हॉल्व्ह खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. जो वर येत नाही तो गाइडमध्ये जाम आहे, आणि तो तसाच ठेवून इंजिन फिरवलं तर पुशरॉड वाकणार. रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचा) सोडवून ठेवला तर पुढचं काम निर्धास्त होतं.

सिलिंडरात डिझेल फवारणारी तिन्ही नोझल काढा. नट सोडून पहारीने उचकायचं नाही, बॉडी वाकते. गंजतेल सोडून रात्रभर ठेवा, मग आडवं हलवत काढा. खालचा तांब्याचा वॉशर बहुतेक वेळा भोकातच राहतो. तो तिथेच विसरून वर नवीन टाकला की नोझल वर बसतं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि नंतर पांढऱ्या धुराचं कारण शोधत बसावं लागतं.

आता प्रत्येक सिलिंडरात ५० मिली मिश्रण ओता: अर्धं डिझेल, अर्धं पॉवर स्टिअरिंगचं तेल (एटीएफ). तीन-चार दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं वाढवा. मग पुलीच्या नटाला लांब पाना लावून पुढे-मागे डोलवा. एका दिशेनेच जोर लावायचा नाही. दोन अंश हलला तरी सुटायला लागला असं समजा. आठवड्यानेही हलला नाही तर हेड (सिलिंडरांवरचं झाकण) काढून पिस्टनच्या डोक्यावर बघावं लागेल. हातोडा मारायचा असेल तर लाकडी ठोकळ्यावरून आणि पिस्टन वरच्या टोकाला नसेल तेव्हाच.

काळा_धूर:

इंजिन सुटलं म्हणून लगेच सेल्फ मारू नका. त्याआधी फ्युएल पंप.

या इंजिनावर सहसा सीएव्हीचा डीपीए रोटरी पंप असतो. त्यातला रोटर फक्त डिझेलच्याच वंगणावर फिरतो आणि आतली जागा काही मायक्रॉनची असते. डिझेलमध्ये पाणी बसलं की रोटर पंपाच्याच हेडमध्ये गंजून धरतो. इंजिन फिरलं, रोटर अडला, की ड्राइव्ह शाफ्ट तुटतो आणि पंपाचा खर्च दुप्पट होतो. म्हणून पंप उतरवून शाफ्ट हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर पंपवाल्याकडे द्या, घरी खोलू नका. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवरची टायमिंगची रेघ इंजिनवरच्या रेघेशी जुळते का बघा, नसेल तर छिन्नीने स्वतःची खूण करा. आतल्या स्प्लाइनमध्ये एक मोठा दात असतो, त्यामुळे पंप एकाच रीतीने बसतो. फ्लँज किती अंश फिरवून आवळला हे मात्र तुमच्या खुणेवरच.

टाकी पूर्ण रिकामी करा, आत दोन मुठी खडी आणि दोन लिटर ताजं डिझेल टाकून हलवा, तीनदा धुवा. फिल्टर नवे. जुनं डिझेल गाळूनही परत वापरू नका.

हवा काढायचा क्रम: लिफ्ट पंपाचा छोटा दांडा हाताने हाणत राहायचं. दांड्याला झोकच लागत नसेल तर पंप बिघडला असं समजू नका, कॅम वर आलेला असतो. इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा, दांडा सुटतो. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू, मग पंपाच्या कुशीतला हेड लॉकिंग स्क्रूवरचा व्हेंट, मग वरच्या गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) डब्यावरचा. बुडबुडे थांबले की त्या क्रमानेच बंद करा. शेवटी थ्रॉटल पूर्ण उघडून नोझलकडचे पाइपनट सैल ठेवा आणि सेल्फ फिरवा. एका वेळी १० ते १५ सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हातात जाड फळी घेऊन एक माणूस उभा करा. गव्हर्नर अडकून इंजिन पळालं तर चावी, स्टॉपचा दांडा काहीच काम करणार नाही, हवा बंद करणं हाच उपाय. तळवा लावायचा नाही, आत ओढला जातो. एअर क्लीनर परत लावताना ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि त्याच ऑइलवर पळतं.

माळावरचा:

प्लग सोडला. आधी जवळजवळ दोन लिटर पाणी, मग दुधी ऑइल. चौथ्या दिवशी पाच-सहा अंश हलला, आज पूर्ण फेरा झाला. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाम होता, तो सुटला. पण दोन नंबरच्या लायनरला गंजाचं वर्तुळ आहे, नख अडकतं. आता हेड काढून बसलोय. फक्त दोन नंबरचं काम करून चालेल का?

पाना_पक्कड:

नख अडकतं तिथे रिंग रोज घासणार, म्हणजे ते लायनर गेलं. तिन्हींचा विचार करायच्या आधी मोजमाप करा. लायनर-पिस्टनच्या किटचा फरक आणि एकदा इंजिन खोलण्याची मजुरी, दोन्हीचा हिशेब लावला की तिन्ही करणं सहसा परवडतं, पण क्रँक चांगला असेल तर फुल इंजिन करायची गरज नाही.

किट घेताना एक खबरदारी. ३.१५२ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२७ मिमी, म्हणजे २५०० सीसी. मॅसीच्याच १०३५ डीआय ट्रॅक्टरला येणारं इंजिन २४०० सीसीचं आहे. दुकानदार 'मॅसीचंच आहे' म्हणून देईल, त्यावर जाऊ नका. बोअर मोजून, जुना पिस्टन सोबत नेऊन घ्या. प्लेट दुसऱ्या इंजिनाची लागलेली असू शकते.

या ब्लॉकला ड्राय लायनर आहेत. ओल्या लायनरच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला मेस्त्री ओ-रिंग शोधत बसतो, इथे ती नसते. लायनर ब्लॉकमध्ये दाबून बसतं, मागे पाणी नसून ब्लॉकचं लोखंड असतं. ते सैल बसलं तर उष्णता ब्लॉकला जात नाही आणि पिस्टन धरतो. म्हणून जुनं लायनर निघाल्यावर ब्लॉकचा बोअर मोजायचा, मग नवीन दाबायचं, आणि पूर्ण मापाचं नसेल तर बोअर करून होनिंग (आतून बारीक घासून माप देणं) घ्यायचं. लायनरची वरची कॉलर ब्लॉकच्या पातळीला किती ठेवायची ते मॅन्युअलप्रमाणे. कमी राहिली तर हेड गॅस्केट त्या जागी जळणार.

झीज बघायची ती वरच्या रिंगच्या पट्ट्यात आणि तळाशी, दोन्ही आडव्या दिशांनी. फरक ०.२ मिमीच्या पुढे गेला तर रिंगा टाकून भागत नाही, ऑइल खाईलच. नवी रिंग पिस्टनने लायनरमध्ये सरळ ढकलून तोंडाचा गॅप फीलरने बघा. ढोबळ नियम बोअरच्या १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे तुमच्याकडे ०.३ ते ०.३५ च्या आसपास. किटमध्ये दिलंय म्हणून बरोबर असेल असं धरायचं नाही.

क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग): कनेक्टिंग रॉडच्या बाजूला, म्हणजे बिग एंडला सुमारे ५७.१ मिमी, मेनला ६९.८ मिमी. ओव्हल झालं असेल तरच ग्राइंडिंग. बेअरिंग ०१०, ०२०, ०३० अशी मिळतात, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात कमी केलेली. पाणी बसलेल्या इंजिनात मेन बेअरिंगच्या खालच्या अर्ध्याला काळे डाग पडतात. ते घासून चमकवू नका, बदला.

हेडला स्टीलची पट्टी लावा, ०.१ मिमीचं फीलर खाली शिरायला नको. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटचा ६० पौंड-फूट म्हणजे सुमारे ८.३ किलो-मीटर. इंजिन गरम करून परत आवळायचे, मग २५ ते ५० तासांनी पुन्हा. प्रत्येक वेळी टॅपेट नव्याने बघा: थंड इंजिनला ०.३० मिमी. फायरिंग १-२-३, दर २४० अंशांना पुढचं सिलिंडर.

बांधावरून:

क्रँक काढायचा असेल तर ट्रॅक्टर मधून फोडावाच लागेल (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावेच लागतील), तेव्हा क्लचही एकदाच करून घ्या. फोडण्याआधी पुढच्या अॅक्सल आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. अॅक्सल मधल्या एका पिनवर डोलतो. पाचरी नसतील तर मागची बाजू सुटताच इंजिन आडवं पडतं. जॅकवर विसंबून खाली शिरू नका.

क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि रिंग गिअरचे दात तेव्हाच बघा. क्लच प्लेट ऑइलने भिजलेली निघाली तर नवी प्लेट टाकून काम होत नाही, मूळ क्रँकच्या मागच्या सुतळी सीलमध्ये आहे. नवी सुतळी घरात दाबून बसवा, दोन्ही टोकं जोडाच्या पातळीच्या ०.२५ ते ०.५० मिमी वर ठेवा, आतून ग्राफाइट ग्रीस लावा. टोकं पातळीला कापली तर जोडातून ऑइल येतंच.

लिफ्टबद्दल. या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्या आत आहे आणि पीटीओ शाफ्टवर (मागची अवजारं फिरवणाऱ्या) चालतो. पीटीओचा दांडा लावलेला नसेल तर लिफ्ट उठणारच नाही. ट्रान्समिशन आणि लिफ्ट एकाच तेलावर, सुमारे ३२ लिटर. तेल दुधी असेल तर सगळं काढा, आतली जाळी धुवा. जुन्या सवयीने नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरू नका, थंड असताना पंपाला ते ओढवत नाही. ट्रॅक्टरचं यूटीटीओ (ट्रान्समिशन आणि लिफ्ट दोन्हीला चालणारं) तेल भरा.

मग परीक्षा अशी: जड नांगर वर उचला, इंजिन बंद करा. मिनिटाभरात नांगर टेकला तर लिफ्टच्या पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरच्या तळाचं सील गेलंय. मुळीच उठत नसेल आणि पंपाचा आवाजही नसेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह गंजाने अडकलाय. दहा वर्षं बंद असलेल्यांत हे फार सापडतं.

बॅटरी जोडायच्या आधी केबल कुठे जाते ते बघा. या पिढीच्या काही ट्रॅक्टरना पॉझिटिव्ह टोक चेसिसला असतं. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा तर आधी अर्थ निगेटिव्ह करा, नाहीतर डायोड तिथल्या तिथे उडतात. आणि न्यूट्रलमध्येच चालू होणारा स्विच बायपास करू नका, गिअरमध्ये असताना चालू झाला तर ट्रॅक्टर माणसाला चेंगरतो.

काळा_धूर:

पेंट शेवटी. आधी रंग दिला की ऑइल कुठून गळतंय ते कळत नाही. नंबर प्लेटला ग्रीस फासून झाका, ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासू नका. टूलबॉक्सच्या खाली मूळ रंग शिल्लक असतो, तिथून छटा जुळवा. आणि चालू झाल्यावर तासनतास मोकळं चालू ठेवायची हौस टाळा. नव्या रिंगांना भार मिळाला नाही तर लायनरला चकाकी चढते आणि निळा धूर कायमचा राहतो. पहिले ५० तास मध्यम भार, पहिलं ऑइल २५ तासांनी बदला.

माळावरचा:

आरसीचं काय? इंजिनाचं काम आधी की नाव बदलणं आधी?

बांधावरून:

नाव आधी. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, चालू विमा. आरसी हरवली असेल तर आधी फॉर्म २६ वर डुप्लिकेट. मग मुदतवाढीसाठी फॉर्म २५, ती ५ वर्षांची मिळते, आणि त्यासाठी ट्रॅक्टर तपासणीला उभा करावा लागतो. चेसिस नंबरची पेन्सिल छाप वाचता येईल असा भाग आत्ताच घासून ठेवा, रंगाखाली गेला की परत खरवडावा लागतो. जुनाच ब्लॉक ठेवलात तर इंजिन नंबर आरसीशी जुळतो. दुसरा ब्लॉक आणलात तर तो बदल आरटीओकडे नोंदवल्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. म्हणून जुना ब्लॉक वाचवता येत असेल तर तोच वाचवा.