आईच्या मणक्याच्या चकतीला अल्ट्रासाउंडचा शेक : पॅकेज घेऊ की मशीन? (बडोदे)

रावपुरा_कन्या
आईची चकती झिजलीय, आत सूज आहे असं डॉक्टर म्हणाले. जवळच्या क्लिनिकमध्ये अल्ट्रासाउंड देतात. पुढच्या सगळ्या सीटिंगचे पैसे उद्याच एकदम भरा म्हणताहेत. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा घरी मशीन आणू. कुठलं मशीन घ्यावं? नवरात्र तोंडावर आहे, लवकर सांगा.

मांडवीकर
अल्ट्रासाउंडमध्ये चकती नीट दिसत नाही. एमआरआय करा. सयाजी हॉस्पिटलात चौकशी करा, खाजगीत उगाच लुटतात.

रावपुरा_कन्या
काका, एमआरआय झालाय. हे जेल लावून कमरेवर फिरवतात ते शेकायचं मशीन.

फिजिओ_अलकापुरी
ताई, आईंचं वय काय? कुठली चकती? दुखणं कमरेतच आहे की पायात उतरतं? पेसमेकर, कॅन्सर, मणक्याचं जुनं ऑपरेशन यातलं काही आहे का? हे कळल्याशिवाय मशीनचं नाव मी सांगणार नाही.

निशिगंध
माझ्या सासूबाईंना याच मशीनने आराम पडला. जिना चढू लागल्या. बिनधास्त घ्या.

फिजिओ_अलकापुरी
निशिगंधताई, आराम पडला असेल, पण कशाला? १ मेगाहर्ट्झची लहर साधारण ३ ते ५ सेंटीमीटर आत जाते. चकती त्याहून खोल असते आणि वाटेत मणक्याच्या हाडाची कमान आडवी येते. हाड ही लहर शोषतं, परतवतं. म्हणजे शेक मिळतो तो पाठीच्या स्नायूंना. चकतीतली सूज असते इंटरल्यूकिन, टीएनएफ अशा रसायनांची. तिथवर हे मशीन पोचत नाही.

कोठीवाला
मग पेपरात येतं की कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाउंडने चकतीची सूज उतरते, ते खोटं?

फिजिओ_अलकापुरी
खोटं नाही. तो कमी तीव्रतेचा पल्स (थांबून-थांबून लहर देणारा) अल्ट्रासाउंड, चौरस सेंटीमीटरला साधारण ३० मिलीवॉट. अमेरिकेत १९९४ साली त्याला मान्यता मिळाली ती हाड जुळवण्यासाठी, दिवसाला २० मिनिटं. चकतीबद्दलचं काम मुख्यतः पेशींवर आणि उंदरांवर झालंय. उंदराच्या शेपटीची चकती कातडीला लागूनच असते, माणसाची तशी नाही. कुठले उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की कंबरदुखीला, सायटिका (नस दाबून पायात उतरणारी कळ) असो वा नसो, अल्ट्रासाउंड देऊ नका. पॅकेजचे पैसे भरू नका.

निशिगंध
पुस्तकातलं तुम्ही सांगा. घरात माणूस कण्हतोय ते आम्ही बघतो.

कोठीवाला
निशिगंधताई, कण्हणं थांबावं असंच त्यांनाही वाटतंय. माझी कंबर मशीनने नाही, रोज कमाटीबागेत चालून आणि व्यायामाने सुटली. गादी मात्र कापसाची घ्या, फोमची नको.

मांडवीकर
कापसाची गादी पिंजून देणारे आता मांडवीत उरले नाहीत. कुणाला माहीत असेल तर सांगा.

रावपुरा_कन्या
गादीचं नंतर बघू! आईचं वय ६१. चकती एल४-एल५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली. पेसमेकर वगैरे काही नाही. डाव्या पायात कळ उतरते, त्यामुळे आरतीला उभं राहवत नाही. झिजलेली चकती भरून येते का?

फिजिओ_अलकापुरी
झीज उलटत नाही, पण झीज म्हणजे दुखणं असंही नाही. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. रिपोर्टला घाबरू नका. पायात कळ आहे म्हणता, तर आत्ता एक करा. आईंना टाच जमिनीवर ठेवून दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगा आणि तुम्ही बोटाने खाली दाबा. दोन्हींत सारखा जोर आहे?

निशिगंध
अंगठ्याचा आणि कमरेचा काय संबंध?

फिजिओ_अलकापुरी
एल४-एल५ ची चकती बहुधा कमरेतून पायात जाणारी एल५ नस दाबते. अंगठा उचलण्याचा जोर त्याच नसेचा.

रावपुरा_कन्या
बघितलं. उजवा घट्ट आहे. डावा बोट लावताच खाली जातो. आई म्हणते, हल्ली डावी चप्पलही पायातून निसटते.

फिजिओ_अलकापुरी
मग पॅकेज, मशीन दोन्ही बाजूला ठेवा. उद्या सकाळीच एमआरआय घेऊन मणक्याच्या सर्जनकडे जा, अंगठ्याचं आणि चपलेचं आधी सांगा. लघवी अडली, नकळत झाली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीत न्या. असं काही आहे का आत्ता?

रावपुरा_कन्या
विचारलं. नाही म्हणते. उद्याच्या अपॉइंटमेंटसाठी भाऊ फोन लावतोय.

निशिगंध
ताई, माझं म्हणणं मागे घेते. सकाळी सोबत हवी असेल तर मी दांडिया बाजारातच राहते, मेसेज करा.